लाल रंग छापताना

सकाळी ७. चहा होईपर्यंत मेल उघडते. आज ज्या पुस्तकाची छपाई सुरू होणार, ते एका चित्रकर्तीने लिहिलेलं आणि रेखाटलेलं आहे: स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं त्या दिवसापासूनचं सचित्र आत्मकथन. १४४ पानं, म्हणजे सोळापानी नऊ फर्मे. सहा फर्म्यांच्या प्लेट तयार आहेत. उरलेले तीन एका कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे वाचायला होते. त्यांचं उत्तर रात्रीच आलंय: ‘पान ११२. सलाईन डाव्या हाताला कशी?’

९. कार्यालयात आल्या आल्या मूळ चित्र काढलं. त्यात सुई उजव्याच हाताला आहे. चेहरा पानाच्या आतल्या बाजूला वळावा म्हणून मांडणीत चित्र उलटवलं गेलं. एरवी असं करतात आणि खपूनही जातं. इथे शस्त्रक्रिया डाव्या बाजूची, काखेतल्या गाठीही काढलेल्या. हात सुजण्याची भीती असते, म्हणून त्या हाताला सुई टोचणं डॉक्टर शक्यतो टाळतात. हे पुस्तक उघडणाऱ्यांत एखादी अशी असेल, जिच्या हातात कालच बायोप्सीचा रिपोर्ट पडलाय. ती यातली रेघन् रेघ खरी धरणार. चित्र सुलट केलं. चेहरा पानाबाहेर बघतोय, तर बघू दे.

११. वितरकांचा फोन. मुखपृष्ठावर हसरी बाई हवी, नाहीतर दुकानात कोणी हात लावणार नाही, हे त्यांचं म्हणणं. मी त्यांना २००६ साली अमेरिकेत आलेल्या दोन पुस्तकांबद्दल सांगितलं. ‘न्यूयॉर्कर’ची व्यंगचित्रकार मारिसा आकोचेला मार्केटो हिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं असताना गाठ निघाली, तिचं ‘कॅन्सर विक्सन’. आणि ब्रायन फाईझने आईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर काढलेलं ‘मॉम्स कॅन्सर’. ते आधी नाव न लावता इंटरनेटवर क्रमशः आलं, २००५मध्ये त्याला कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला आणि मग त्याचं पुस्तक झालं. आजारी माणसाला आणि घरच्यांना आपल्यासारखं कोणी हवं असतं. आमच्या मुखपृष्ठावरची बाई रुग्णालयाच्या बाकावर मांडीवर फाइल घेऊन बसली आहे, आणि ती तशीच राहील. प्रकाशनपूर्व सवलत मात्र वाढवायची, हे त्यांचं मी मान्य केलं. रंगीत पुस्तकाची किंमत वाचकाला जड जाते, यात त्यांचं बरोबर आहे.

१. जेवताना लेखिकेशी फोनवर बोलणं. ओपीडीबाहेर बसून केलेल्या रेखाटनांतले चेहरे, साड्या, चष्मे तिने बदललेत. फाइलवरचा नोंदणी क्रमांक मी पुसून घेतला. दुसऱ्याचा आजार आपल्या पुस्तकात परवानगीवाचून येता कामा नये.

३. छापखाना. पाचवा फर्मा मशीनवर. पान ७१वर फक्त एक सिरिंज आणि नर्सचा अंगठा आहे. औषध डॉक्सोरुबिसिन, पेशंटांच्या बोलण्यातलं ‘लाल औषध’. ते शिरेबाहेर पाझरलं तर तिथली त्वचा आणि मांस करपू शकतं, म्हणून नर्स शेजारी बसून हळूहळू आत सोडते. लेखिकेने अंगठ्याच्या नखावरचं पांढरं झालेलं टोकसुद्धा काढलंय. औषधाचा रंग नारिंगीकडे झुकणारा लाल. मशीनवरून उतरलेल्या शीटवर तो रक्तासारखा गडद आलाय. मॅपलिथो कागद शाई पितो, स्क्रीनवरचा उजळपणा त्यावर टिकत नाही.

“काका, मॅजेंटा जरा उतरवा, पिवळा चढवा.”

मशीनमन काकांनी भिंग शीटवर ठेवलं, मग बोट त्या रेषेत खाली नेलं. “मॅडम, शाई पट्ट्याने सुटते. इथं उतरवली की याच पट्ट्यातल्या खालच्या पानावरचे चेहरे पिवळे पडणार.”

त्या पानावर लेखिकेची आई आहे. तिला कावीळ झाल्यासारखी दाखवणार कशी? फर्मा थांबवला. फाइलमध्ये फक्त सिरिंजचा लाल दुरुस्त करायचा आणि या बाजूच्या मॅजेंटा-पिवळ्याच्या प्लेट नव्याने काढायच्या. खर्च वाढला, अर्धा दिवस गेला. पण ज्यांनी ते औषध घेतलंय त्यांना हा रंग चांगला ठाऊक आहे. रक्त वाटेल असं काही त्यांच्यासमोर ठेवायला मी तयार नव्हते. काकांनी तोवर सहावा फर्मा चढवला.

६. परत कार्यालयात. शेवटच्या फर्म्यात लेखिकेने डॉक्टरांना विचारायचे राहून गेलेले प्रश्न लिहिलेत: गाठ कितवी स्टेज, ईआर-पीआर-हर-टू म्हणजे काय, केस कधी गळतील, नोकरी चालू ठेवू का. पुढची दोन पानं नुसत्या आखलेल्या ओळींची. आर्ट पेपर घ्या, चित्रं खुलतील, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. पण वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली तो चकाकतो आणि बॉलपेनची शाई त्यावर पुसली जाते. ही दोन पानं लिहिण्यासाठी आहेत, मॅपलिथो घेतला तो मुख्यतः त्यांच्यासाठी.

८. डॉक्टरांना सुधारलेलं पान ११२ पाठवलं. त्यांचा होकार आला. सातव्या फर्म्याच्या प्लेट उद्या सकाळी काढायला छापखान्याला कळवलं.