मोती जाड, मनी बारीक!

दोस्ता, मूठ आवळ बघू! आता दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीची हाडं चाचप. टोचतात ना? आता मूठ उघड आणि हाताच्या पाठीवरून त्याच हाडांवर बोटं फिरव. हाडं लागतात, पण कातडीखालून. शेवटी हात उलटा करून तळहात चाचप. अरेच्चा, इथे तर गादी! दाबल्याशिवाय हाडं सापडतच नाहीत!

आता मोती कुत्र्याच्या बरगड्या चाचप. मुठीसारख्या लागल्या तर तो फार बारीक. हाताच्या पाठीसारख्या लागल्या तर झकास! आणि तळहातासारख्या लागल्या तर... मोतीराव, वजन वाढलंय! प्राण्यांचे डॉक्टरही असंच हाताने ओळखतात बरं का!

म्हातारपणी मोती जाड का होतो, ओळख पाहू! तरणाबांड होता तेव्हा कुहीहून मांढळकडे जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे धावायचा. आता दिवसभर सावलीत लोळतो. पोळ्या मात्र तेवढ्याच! आजी एक टाकते, ताई एक टाकते, आणि गुपचूप अर्धी कोण सरकवतं? हं, कळलं मला!

अमेरिकेत शास्त्रज्ञांनी एक गंमत केली. लॅब्राडोर जातीच्या कुत्र्यांची 48 पिल्लं घेतली आणि त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ. तोही जन्मभर! 2002 साली निकाल छापून आला. कमी खाणारे कुत्रे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले! दोन वर्षं! त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले.

मग मनी मांजरीचंही तसंच? अंहं! मांजर मधल्या वयात गुबगुबीत होते खरी. पण अकरा-बारा वर्षांची झाली, की पुष्कळ मांजरी उलट वाळायला लागतात! खाल्लेलं पूर्वीसारखं पचत नाही. कधी आतून आजारही असतो. म्हणून म्हातारी मनी बारीक झाली, की डॉक्टरांना दाखवायचंच.

आणि जाड मनीला उपास? मुळीच नाही! ती काही दिवस उपाशी राहिली, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि ती फार आजारी पडते. तिचा खाऊ कमी करायचा तर हळूहळू, डॉक्टरांना विचारून.

पण वजन करायला मनी काट्यावर उभी राहील का? छे, टुणकन पळेल! मग आधी एकट्याने काट्यावर चढ. 30 किलो? आता मनीला कडेवर घेऊन चढ. 34? कर वजाबाकी! मोतीला मात्र बाबांनी उचलायचं हं.