रोजचें गांव, रोजचें छायाचित्र



छंदांचे प्रकार पुष्कळ आहेत. कोणी तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं. कोणी पांखरांच्या मागें रानोमाळ हिंडतो. आज ज्या छंदाविषयीं बोलण्याचें मीं योजिलें आहे, तो या सर्वांहून साधा आणि वरवर पाहतां अगदींच बिनकामाचा वाटणारा आहे. आपण ज्या गांवांत राहतों त्या गांवाचें रोज एक छायाचित्र घ्यावें, त्याखालीं तारीख व ठिकाण लिहावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा तेंच करावें, एवढेंच त्याचें स्वरूप. रत्नागिरीसारख्या गांवीं असा छांदिष्ट माणूस बाजारपेठेंत कॅमेरा रोखून उभा राहिला म्हणजे जाणारा-येणारा थबकतो, आणि या ठिकाणीं चित्र घेण्यासारखें काय आहे म्हणून इकडे तिकडे पाहूं लागतो. त्याचा संशय रास्त आहे. पिकतें तेथें विकत नाहीं, हा अनुभव डोळ्यांनाहि असतो. हा संशय फेडण्याचा प्रयत्न आज करावयाचा आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, छायाचित्रणाचा जन्मच मुळीं अशा सामान्य दृश्यापासून झाला. कॅमेऱ्यानें घेतलेलें जें सर्वांत जुनें चित्र आज शिल्लक आहे, तें फ्रान्समधील नीप्स यानें १८२६-२७ च्या सुमारास घेतलें. त्यांत कोणी राजा नाहीं, कीं देऊळ नाहीं. त्याच्या माडीच्या खिडकींतून दिसणारीं छपरें व भिंती तेवढ्या आहेत. पुढें १८३८ सालीं दागेर यानें पॅरिसच्या एका हमरस्त्याचें चित्र घेतलें. त्या वेळीं प्रकाश टिपण्यास कित्येक मिनिटें लागत. त्यामुळें गजबजलेल्या रस्त्यावरील गाड्या, घोडे, चालतीं माणसें यांचा मागमूसहि त्यांत उमटला नाहीं. उमटला तो बूट पुसून घेण्यासाठीं एका जागीं थांबलेला एक गृहस्थ. तो थांबला, एवढ्याच कारणानें तो इतिहासांत राहिला.

आपल्याकडेहि ही विद्या लवकरच आली. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या हौशी छायाचित्रकारांत नांवाजलेले होते. परंतु जड काचा, त्यांवर चढवावयाचीं रसायनें आणि या सर्वांचा खर्च, यांमुळें कॅमेरा बाहेर पडे तो बहुधा प्रसंगविशेषींच. आपल्या जुन्या घरांतील भिंती आठवून पाहा. मुंजीचें चित्र आहे, लग्नाचें आहे. वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर ताठ बसलेली आहेत. पण त्याच घराची पडवी, न्हाणीघराजवळची विहीर, दारावरून जाणारी पाणंद, यांना कोणत्याहि चौकटींत जागा मिळालेली नाहीं. रोज मरे त्याला कोण रडे, अशी त्यांची गत झाली.

आज खर्चाची अडचण उरलेली नाहीं. मोबाईलच्या रूपानें कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांत आला आहे. संवय मात्र जुनीच आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजास इंग्रजांनीं १८८६ सालीं रत्नागिरीस आणून ठेविलें. त्याचा राजवाडा १९१० सालीं उभा राहिला, आणि १९१६ सालीं राजा येथेंच वारला. त्या राजवाड्याचें, रत्नदुर्गाचें व लोकमान्यांच्या जन्मस्थानाचें चित्र प्रत्येक प्रवासी घेतो. त्यानें तें घेऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. पण राजवाड्याची काळजी वाहणारे लोक आहेत. त्याच्या वाटेवरील कौलारू घराची तशी काळजी कोण घेणार? तें पुढल्या वर्षीं जागेवर असेलच, असें कोणी छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं.

मांडवीच्या बंदराचेंच उदाहरण घ्या. एके काळीं मुंबईस जाणें म्हणजे बोटीनें जाणें. आगबोट दूर पाण्यांत उभी राही, उतारू पडावांत बसून तिच्यापर्यंत जात, आणि पावसाळा लागला कीं ही वाहतूक बंद पडे. आतां ती उतारूंची बोट इतिहासजमा झाली. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि चाकरमान्यांची नवी पिढी बोटीचें नांव केवळ आजोबांच्या तोंडून ऐकते. बोटीचें चित्र शोधणारास एखादे वेळीं सांपडेल. परंतु वळकटीवर बसून पेंगणारीं मुलें, तिकिटासाठीं लागलेली रांग, निरोप देऊन परत फिरणारी एखादी म्हातारी, यांचीं चित्रें कोणी घ्यावीं? तें दृश्य उद्यांहि दिसणारच आहे, असें त्या वेळीं प्रत्येकास वाटत होतें.

रोजच्या चित्राचा पहिला उपयोग हा असा साक्षीचा आहे. दुसरा उपयोग अधिक नवलाचा आहे. जें अति सावकाश घडतें तें आपल्या डोळ्यांना दिसत नाहीं. चित्रांची मालिका मात्र तें दाखविते. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून चित्रपटाचें यंत्र आणलें, तेव्हां भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं कोणतें दृश्य निवडलें? कुंडींत पेरलेला वाटाणा! त्याचें रोज रोज चित्र घेऊन त्यांनीं 'अंकुराची वाढ' हा लहानसा चित्रपट सिद्ध केला. अनेक दिवसांची वाढ प्रेक्षकांनीं कांहीं क्षणांत पाहिली, आणि दुसऱ्याच वर्षीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्या रोपट्याच्या सुट्या चित्रांत विशेष असें कांहीं नसणार. सारी किमया त्यांच्या क्रमांत होती.

हीच युक्ति रत्नागिरीच्या किनाऱ्यावर करून पाहावी. भाट्याच्या पुळणीवर एक जागा ठरवून वर्षभर सूर्यास्ताचीं चित्रें घेतलीं, तर सूर्य एकाच ठिकाणीं बुडत नाहीं हें लहान मुलासहि उमगेल. डिसेंबरांत तो दक्षिणेकडे कललेला असतो. जूनपर्यंत तो उत्तरेकडे, रत्नदुर्गाच्या बाजूस, सरकत जातो. या दोन टोंकांमधील अंतर सुमारें एकूणपन्नास अंशांचें भरतें. हात लांब करून बोटें ताणलीं तर एका वितींत अदमासें वीस अंश मावतात. म्हणजे आपला सूर्य क्षितिजावर अडीच विती येरझारा करतो. तसेंच रत्नागिरी सतराव्या अक्षांशाजवळ असल्यामुळें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास व पुन्हा ऑगस्टच्या आरंभीं मध्यान्हीं सूर्य थेट माथ्यावर येतो, आणि विजेच्या खांबाची सावली त्याच्या पायथ्याशींच लपते. ऑगस्टांत बहुधा ढग आड येतात. मे महिन्यांत मात्र हें चित्र हमखास साधतें.

भरती-ओहोटीचेंहि असेंच आहे. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ ठोकळमानानें निघते, हा आपल्या किनाऱ्यावरील जुना हिशेब. एकादशीस अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. रोज ठराविक घटकेस मांडवीच्या धक्क्याचें चित्र घेत गेल्यास पाणी एका दिवशीं पायऱ्या बुडवितें, आठवड्यानें दूर गेलेलें दिसतें, आणि पंधरवड्यानें पुन्हा बहुतेक पूर्वस्थळीं येतें. पौर्णिमा-अमावास्येचें उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, हे शब्द आपण नेहमीं ऐकतों. पण पंधरा चित्रें ओळीनें मांडलीं म्हणजे त्यांचा अर्थ डोळ्यांना कळतो.

निसर्गापेक्षां माणसांचा फेरा अधिक मनोरंजक असतो. वैशाखांत कौलें चाळणारा गडी छपरावर चढतो. बाजारांत आंब्याच्या पेट्यांची रास एके दिवशीं वाढते आणि एके दिवशीं दिसेनाशी होते. पाऊस तोंडावर आला कीं मिरकरवाड्याच्या नौका किनाऱ्यास लागतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास बंदर पुन्हा जागें होतें. शिमग्यांत पालखी दारीं येते. हें सर्व दर वर्षीं तेंच असतें, आणि तरी दर वर्षीं थोडें निराळें असतें. नळ्यांचीं कौलें जाऊन मंगळुरी कौलें आलीं, तीं जाऊन पत्रे आले, आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्याजागीं सिमेंटची भिंत आली. हा बदल कोणत्या वर्षीं झाला असें विचारलें तर घरधन्यासहि नक्की सांगतां येत नाहीं. ज्याच्याजवळ तारखेनिशीं चित्रें आहेत तो मात्र सांगूं शकतो.

पॅरिसमध्यें अत्जे नांवाचा एक मनुष्य होऊन गेला. गेल्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तो लांकडी कॅमेरा व काचा पाठीवर घेऊन जुन्या गल्ल्या, दुकानांच्या पाट्या, जिने व फेरीवाले यांचीं चित्रें घेत हिंडला. १९२७ सालीं तो वारला तेव्हां त्याचीं हजारों चित्रें मागें राहिलीं, आणि नाहींसें झालेलें पॅरिस पाहूं इच्छिणारा आज त्याच्याकडेच वळतो. न्यूयॉर्कमध्यें जेमी लिव्हिंग्स्टन यानें १९७९ पासून १९९७ सालीं मृत्यु येईपर्यंत रोज एकच चित्र घेण्याचा नेम पाळला. मित्र, जेवणाचें ताट, खोलीचा कोपरा, आणि अखेरीस आजारपणाचे दिवस, असें सर्व त्यांत आहे. एका मनुष्याच्या आयुष्याचें एवढें प्रामाणिक टांचण क्वचितच आढळेल.

असा छंद धरणारानें कांहीं पथ्यें पाळावीं. दोन-तीन जागा कायमच्या ठरवाव्या आणि तेथून त्याच वेळीं, त्याच कोनांतून चित्र घ्यावें. चित्र सुंदर आलें नाहीं म्हणून टाकूं नये. पाटी वाचतां येते कीं नाहीं, हें सौंदर्यापेक्षां महत्त्वाचें. तारीख, आळीचें नांव आणि समोर काय आहे, हें त्याच दिवशीं लिहावें. नाहीं तर वीस वर्षांनीं स्वतःलाच ओळख पटत नाहीं. मासे विकणाऱ्या बाईचें किंवा हमालाचें चित्र घेण्यापूर्वीं त्यांची अनुमति घ्यावी, आणि शक्य तर एक प्रत त्यांना नेऊन द्यावी. दुःखाच्या प्रसंगीं यंत्र पिशवींतच असावें. आपल्याकडे वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या ओलाव्यानें भिंगावर बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यांत कॅमेरा ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा, आणि समुद्रावरून परतल्यावर खारी वाफ मऊ फडक्यानें पुसावी.

हौशी माणसाच्या हातून असें काय मोठें होणार, असें कोणास वाटेल. त्याचें उत्तर रत्नागिरीच्याच सड्यांवर कोरलेलें आहे. कातळांवरील त्या आकृति गुराख्यांच्या नित्य पाहण्यांतल्या होत्या. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे प्रभृति स्थानिक हौशी मंडळींनीं गांवोगांव हिंडून त्या शोधल्या, मोजल्या व त्यांचीं चित्रें घेतलीं. आणि २०२२ सालीं कोंकणांतील हीं कातळशिल्पें जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादींत गेलीं. पाहणारे पूर्वींहि होते. पद्धतशीर नोंद झाली तेव्हां जगाचें लक्ष तिकडे गेलें.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना. यंत्रांत सांठविलेलीं चित्रें यंत्राबरोबरच नष्ट होतात. मोबाईल पाण्यांत पडला कीं पांच वर्षें बुडालीं. म्हणून प्रत्येकाच्या दोन प्रती निरनिराळ्या जागीं ठेवाव्या, आणि महिन्याकांठीं एक याप्रमाणें वर्षाचीं बारा चित्रें निवडून चांगल्या कागदावर छापून घ्यावीं. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालापासूनचें आहे. गांवोगांवच्या अशा वाचनालयांनीं एक कपाट या चित्रांसाठीं राखून ठेवावें. दहा छांदिष्टांनीं दहा वर्षें हा नेम चालविला, तर बाराशें चित्रें जमतील. पन्नास वर्षांनंतर आपल्या आजोबांचें गांव कसें होतें असें विचारीत एखादा मुलगा तेथें येईल, तेव्हां त्याला केवळ आठवणी सांगाव्या लागूं नयेत, तर कपाट उघडून तें गांव त्याच्या पुढ्यांत मांडतां यावें.