जुन्या गाडीचा तिसरा दिवा

दिवाळी सरली, की परभणीहून गंगाखेड-पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि कापसाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. दिवस लहान झालेला असतो. पुढच्या वाहनाने वेग कमी केला, हे मागच्याला कळायला क्षणभर उशीर झाला तरी तो महागात पडतो. आमच्या एका स्नेह्यांकडे जुनी अँबॅसिडर आहे. तिचे ब्रेकचे दिवे खाली, बंपरच्या जरा वर, आणि तेही मिणमिणते. नव्या मोटारींना मागच्या काचेत तिसरा लाल दिवा असतो, तसा हिलाही लावता येईल का, असे त्यांनी विचारले. तासाभराचे काम, असे समजून आम्ही होकार दिला. ते दोन रविवार चालले आणि त्यात दहावीच्या विजेच्या धड्याची चांगलीच उजळणी झाली.

आधी या तिसऱ्या दिव्याची हकीकत पाहू. १९७४ साली जॉन व्होएव्होद्स्की या संशोधकाने अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या टॅक्सींवर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३४३ टॅक्सींना मागच्या बाजूला मध्यभागी एक जादा दिवा बसवला होता, आणि तुलनेसाठी काही टॅक्सी दिव्याविना ठेवल्या होत्या. दिवा लावलेल्या टॅक्सींना मागून धडक बसण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी भरले. हा दिवा लाल नव्हता. पिवळसर होता आणि ब्रेक जितका जोरात, तितका तो जलद लुकलुकत असे. पुढे साध्या, स्थिर लाल दिव्याच्या चाचण्या झाल्या, त्यांतही धडका जवळजवळ निम्म्याने घटल्या. मग १ सप्टेंबर १९८५ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना हा दिवा सक्तीचा झाला.

येथून पुढची गोष्ट वर्गात जरूर सांगावी. सक्तीनंतर प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९८७ साली घट ८.५ टक्के निघाली, आणि १९८९ ते १९९५ या काळात ती ४.३ टक्क्यांवर स्थिरावली. निम्म्यावरून चार टक्के! प्रयोग खोटे होते काय? नव्हते. चाचण्यांच्या वेळी असा दिवा शेकडो गाड्यांत एखादीलाच होता, आणि अनोळखी गोष्टीकडे डोळा आपोआप जातो. सगळ्यांनाच दिवा मिळाल्यावर नवलाई संपली. उरला तो दिव्याचा खरा गुण. तो लहान असला तरी एवढ्या मोटारींच्या संख्येत चार टक्के म्हणजे पुष्कळ माणसे होतात.

हा खरा गुण कशात आहे? एक तर उंचीत. काचेतला दिवा मागच्या चालकाच्या नजरेच्या रेषेत येतो. मधल्या मोटारीच्या काचांतून तो तिच्याही मागच्याला दिसतो. (मध्ये उसाची ट्रॉली असेल तर अर्थातच नाही. तिला मागे लाल परावर्तक पट्टी लावणे, हाच तिथला सर्वांत स्वस्त उपाय.) परंतु आमच्या मते अधिक महत्त्वाचे कारण दुसरे आहे. गॅरेजमधून मोटारीच्या मागच्या दिव्याचा एखादा निकामी बल्ब मागून आणा आणि विद्यार्थ्यांच्या हातात द्या. पुष्कळ जुन्या गाड्यांत एकाच काचेच्या गोळ्यात दोन तंतू असतात, एक ५ वॉटचा आणि एक २१ वॉटचा. रात्री ५ वॉटचा सतत जळतो, ब्रेक दाबला की २१ वॉटचाही पेटतो. म्हणजे मागच्या माणसाला लाल दिवा आधीपासून दिसतच असतो. तो आता जास्त तेजस्वी झाला का, हे त्याला ठरवावे लागते. तिसऱ्या दिव्याबाबत असे काही ठरवावे लागत नाही. तो विझलेला असतो किंवा पेटलेला.

आता आमच्या अँबॅसिडरकडे वळू. पहिल्या रविवारी आम्ही २१ वॉटचा एक साधा बल्ब होल्डरसह मागच्या सीटच्या पाठच्या फळीवर बसवला. डावीकडच्या ब्रेकदिव्याच्या तारेला जोड दिला. दुसरे टोक डिकीतल्या एका स्क्रूखाली गाडीच्या पत्र्याला, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत ‘अर्थ’ला, जोडले. दिवा समांतर जोडला होता; एकसर जोडला असता तर बॅटरीचे १२ व्होल्ट दोन बल्बांत वाटले गेले असते आणि दोन्ही मंद झाले असते. तरीही ब्रेक दाबल्यावर आमचा नवा दिवाही जुन्यांइतकाच मिणमिणता!

मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे होल्डरच्या धातूला लावले. ब्रेक दाबल्यावर तेथे शून्य व्होल्ट दिसायला हवेत, दिसले दीड. हिशोब करून पाहा. २१ वॉटच्या बल्बमधून १२ व्होल्टला १.७५ अँपिअर प्रवाह जातो. त्याचा रोध सुमारे ६.९ ओहम. रंग आणि गंज यांमुळे जोडात एकच ओहम जादा रोध आला, तर बल्बला १२ ऐवजी साधारण साडेदहा व्होल्ट मिळतात. घट आठव्या हिश्शाची. प्रकाश मात्र एक-तृतीयांशाहून अधिक कमी होतो, कारण तंतूचा प्रकाश व्होल्टेजच्या तिसऱ्याहून मोठ्या घाताने बदलतो. अशा वेळी ब्रेकचा दिवा आणि रात्रीचा दिवा यांतला फरकच पुसट होतो. आम्ही पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, जुन्या दोन दिव्यांचे अर्थही तसेच साफ केले. तिन्ही दिवे उजळले. खरे तर अर्धा फायदा येथेच झाला होता, आणि त्याला एक पैसाही लागला नव्हता. कोणी आम्हाला विचारले, तर तिसरा दिवा लावण्याआधी पहिले दोन नीट करा, असेच आम्ही सांगू.

पण दुसरी अडचण होती. दोन बल्बांचे साडेतीन अँपिअर, तिसऱ्यासह सव्वापाच. शिवाय थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच असतो (मल्टिमीटरने मोजलात तर ओहमचा नियम मोडला की काय, असे विद्यार्थी विचारतील, विचारू द्या). त्यामुळे ब्रेक दाबताच क्षणभर कितीतरी पट प्रवाह धावतो. हे सारे त्या कित्येक वर्षे जुन्या ब्रेकच्या स्विचमधून. त्याची टोके जळली, तर तिसऱ्याबरोबर पहिले दोनही दिवे जाणार, आणि चालकाला पत्ता लागणार नाही. म्हणून दुसऱ्या रविवारी बल्ब काढून एलईडीची लाल पट्टी बसवली. तिला अँपिअरचा लहानसा अंशच पुरतो. तिच्यासाठी स्वतंत्र लहान फ्यूज घातला. एलईडी एकाच दिशेने प्रवाह नेतो, हे ध्यानात ठेवावे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते, तेथे तारा उलट कराव्या लागतात. पट्टी काचेला अगदी चिकटवून लावली, नाहीतर तिचा लाल उजेड काचेवरून परतून चालकाच्या आरशात येतो. बाजारात लुकलुकणाऱ्या पट्ट्याही मिळतात. त्या आम्ही मुद्दाम टाळल्या. मागच्याला ती सिग्नलची उघडझाप वाटली, तर सारेच मुसळ केरात.

एलईडीचा आणखी एक लाभ आहे. तंतू तापून पूर्ण तेजाने प्रकाशायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एलईडीला जवळजवळ काहीच लागत नाहीत. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, ०.२ सेकंदात मागची गाडी ३.३ मीटर पुढे येते. ताशी ८० ला जवळजवळ साडेचार मीटर, म्हणजे अँबॅसिडरच्या लांबीएवढे अंतर.

हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दाखवता येते. संध्याकाळी अशी गाडी शाळेच्या मैदानात उभी करा. मागे थोड्या अंतरावर मोबाइल ठेवून तिन्ही दिवे एका चौकटीत घ्या. सेकंदाला २४० चित्रे टिपणारी स्लो मोशनची सोय वापरा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. मग एकेक चित्र पुढे सरकवत जा. मधली पट्टी एकदम पेटते. बाजूचे दोन दिवे आधी काळपट तांबडे, मग हळूहळू उजळत जातात. पट्टी पेटल्यापासून ते पूर्ण उजळेपर्यंतची चित्रे मोजून २४० ने भागली, की उशीर सेकंदांत मिळतो. गाडी हलू नये म्हणून चाकांना दगड लावायला विसरू नका.