नाट्यपरीक्षणांतील कांहीं शब्द

स्नेहसंमेलनांतील नाटकाचें परीक्षण लिहून आणा, असें सांगितलें म्हणजे बहुतेक वह्यांत एकच वाक्य येतें : "नाटक छान झालें व सर्वांचीं कामें उत्तम वठलीं." यांत विद्यार्थ्यांचा दोष थोडा, आम्हां शिक्षकांचा अधिक. पाहिलेलें ज्या शब्दांनीं सांगतां येतें, ते शब्द आम्हीं त्यांस कधीं नीट समजावून दिले नाहींत.

पहिला भेद नाटक व प्रयोग यांचा. लेखकानें लिहिली ती संहिता; त्या रात्रीं नटांनीं रंगभूमीवर जें करून दाखविलें तो प्रयोग. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारींत आपल्या विदर्भांतील सावनेर येथें वारले, आणि 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग त्यानंतर झाला. नाटक लेखकाच्या हातून उतरलें होतें. प्रयोग त्याच्या दृष्टीस पडला नाहीं. याच्या उलट विष्णुदास भावे यांचा प्रकार. त्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीता स्वयंवर' केलें, त्या पद्धतींत पदें सूत्रधार म्हणे आणि भाषणें नट आयत्या वेळीं रचीत. तेथें प्रयोग हेंच सर्वस्व. पुढें १८८० सालीं किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त भाषणें लेखकाचीं झालीं व पात्रें आपलीं पदें आपणच गाऊं लागलीं.

हा भेद न जाणल्यानें काय होतें, तें आम्हांस एका परीक्षणानें शिकविलें. एका वर्षीं एका विद्यार्थ्यानें लिहिलें कीं, बापाचें काम करणारा मुलगा भाषण विसरून बराच वेळ नुसताच उभा राहिला. आम्हीं तें तसेंच छापूं दिलें. पुढें संहिता उघडून पाहिली, तों पत्र वाचून बापानें स्तब्ध उभें राहावें, असें तेथें लेखकानेंच कंसांत लिहिलेलें! कंसांतील अशा सूचनेस रंगसूचना म्हणतात. मुलानें ती तंतोतंत पाळली होती. पुढील वार्षिकांत आम्हीं दुरुस्ती छापली. परंतु तोंवर तो शाळा सोडून गेला होता.

'नेपथ्य' हा शब्द असाच फसविणारा आहे. संस्कृत नाटकांत पडद्यामागील, नट वेष करीत ती जागा म्हणजे नेपथ्य. आज आपण त्या शब्दानें रंगमंचावरील देखावा समजतों. पूर्वीं रंगविलेल्या पडद्यांवर काम भागे. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' केलें, तेव्हां खऱ्या खोलीसारखें नेपथ्य पुढें आलें. चेहऱ्यास रंग लावणें ती रंगभूषा, वस्त्रें-दागिने ती वेशभूषा. हीं दोन्हीं नेपथ्यांत ढकलूं नयेत.

स्वगत प्रेक्षकांस ऐकूं येतें, इतर पात्रांस नाहीं. दोघें बोलतात व जवळचा तिसरा ऐकत नाहीं, तें जनान्तिक. "तो एवढा जवळ असून बहिरा होता काय?" असा प्रश्न एका चलाख मुलानें केला होता. प्रश्न गमतीचा खरा, पण हा नाटकाचा संकेत आहे, दोष नव्हे.

शेवटचा शब्द गति. आपल्या मुकुटबनाकडून वर्धा नदी ओलांडून पूर्वेस झाडीपट्टींत गेलें, तर मंडई व शंकरपटाच्या दिवसांत नाटकें रात्रभर चालतात, आणि दिवसभर शेतांत राबलेलीं माणसें पहाटेपर्यंत जागचीं हलत नाहींत. तेव्हां नाटक तीन तास चाललें म्हणून तें संथ, असें लिहूं नये. प्रेक्षकांची चुळबुळ कोणत्या प्रवेशांत सुरू झाली आणि त्या वेळीं रंगमंचावर काय चाललें होतें, एवढें टिपावें.

यंदाच्या नाटकाच्या संहितेच्या दोन प्रती वाचनालयांत ठेविल्या आहेत. परीक्षण लिहूं इच्छिणाऱ्यांनीं त्या प्रयोगापूर्वीं वाचाव्या, आणि रंगसूचनांखालीं पेन्सिलीनें रेघ ओढण्यास हरकत नाहीं.