पेन्शनीवर आलेल्या जवानाला गावकामात घ्या

शेतकरी बंधूंनो, पेन्शनीवर येणारा जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीचाच असतो. अंगात रग असते, पण काम नसले की गडी पारावर एकटा पडतो. जमीन इतकी वर्षे भावाने कसलेली. बी-खताचा अंदाज त्याला राहिलेला नसतो. म्हणून पहिले दोन हंगाम त्याला सोबत घेऊन पेरा. इंजिन, मोटार, हिशेब यांतले जे त्याला येते, ते काम सोसायटीत, दूधसंस्थेत त्याच्यावर सोपवा. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत गाव जोडून पाणी अडवले, हे आपण जाणताच.

माजी सैनिकाने डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे. नोकरी व मुलांच्या शिष्यवृत्तीची माहिती तेथे मिळते. उशीर करू नका.