आर्डुइनो सिग्नल देतो, मग डिस्कमधून धुकं का निघत नाही?

इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये मशरूमच्या खोलीत ओलावा राखणारं धुक्याचं यंत्र हा आवडता विषय. कोड बरोबर, जोडणी बरोबर, तरी पाणी हलत नाही. काही वेळा बोर्डच उडतो आणि खिशाला चाट बसते. असं का होतं?

पिनची ताकद किती?
आर्डुइनो उनोची पिन 5 व्होल्ट देते. करंट 20 मिलिअँपिअरपर्यंत ठेवायचा. 40 ही शेवटची मर्यादा. पिझो डिस्क विजेच्या दृष्टीने कपॅसिटर असते, आणि वारंवारता वाढली की कपॅसिटर जास्त करंट ओढतो. समजा डिस्कची क्षमता 2 नॅनोफॅरड आहे. 40 किलोहर्ट्झला ती जेमतेम अडीच मिलिअँपिअर घेते. धुक्याच्या डिस्कला लागणाऱ्या 1.7 मेगाहर्ट्झला तोच आकडा 100 च्या पुढे जातो. थोडक्यात, पिन हुकूम देऊ शकते, ओझं उचलू शकत नाही.

मग मध्ये काय लावायचं?
40 किलोहर्ट्झच्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरला ड्रायव्हर चिप पुरते. टीसी4428 मध्ये दोन ड्रायव्हर असतात, एक सरळ आणि एक उलटा. दोघांना एकच सिग्नल देऊन पिझो त्यांच्या आउटपुटमध्ये जोडला, की 12 व्होल्टच्या पुरवठ्यावर 24 व्होल्टचा झोका मिळतो.

धुक्याच्या डिस्कला एवढ्यावर भागत नाही. तिथे ड्रायव्हरमागे मॉस्फेट आणि कॉइल लागते. कॉइलमुळे व्होल्टेज वाढतं आणि डिस्कचा कपॅसिटरपणाही बराचसा भरून निघतो.

खरी गोम वारंवारतेत
डिस्क आपल्या ठराविक वारंवारतेलाच जोरात थरथरते. उनोचं घड्याळ 16 मेगाहर्ट्झचं. त्याला 9 ने भागलं तर 1.78, 10 ने भागलं तर 1.6 मेगाहर्ट्झ, मधलं 1.7 हाती लागतच नाही. म्हणूनच बाजारातल्या बऱ्याच तयार युनिटांत मायक्रोकंट्रोलर वारंवारता ठरवत नाही. डिस्क स्वतःच ऑसिलेटरचा भाग असते आणि आपला सूर आपणच धरते. विद्यार्थ्यांनीही 24 व्होल्टचं तयार युनिट घ्यावं आणि उनोकडे फक्त ते चालू-बंद करण्याचं काम द्यावं. त्यासाठी मध्ये रिले किंवा मॉस्फेट लागतोच.

हे सांभाळा
- पाण्याशिवाय डिस्क चालवू नका, काही क्षणांत जळते.
- पिझोवर ठोका बसला तरी तो उलटं व्होल्टेज सोडतो. पिन थेट जोडू नका.
- चालू डिस्कला किंवा तिच्या तारांना हात लावू नका. कॉइलनंतरचं व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा बरंच जास्त असतं.
- पहिल्यांदा चालवताना करंटची मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय वापरा. चूक झाली तरी बोर्ड वाचतो.