बोटीच्या ट्रेलरचा गंज : पुराआधी करायचे काम

कृष्णाकाठच्या गावांना बोटीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या पुरांनी ते पुरेपूर पटवले आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर बोटी आणि लाइफ जॅकेट यांविषयी पुष्कळ बोलले गेले. परंतु ज्या ट्रेलरवरून बोट पाण्यापर्यंत न्यायची, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वर्षातले अकरा महिने उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे चाक ऐन पुराच्या रात्री फिरलेच नाही, तर चांगली बोटही निरुपयोगी ठरते. म्हणून ट्रेलरची निगा कशी राखावी, हे आम्ही येथे थोडक्यात देत आहोत. साताऱ्याकडे तापोळा, बामणोली येथील कोयनेच्या जलाशयावर बोटी चालवणाऱ्यांनाही ही माहिती उपयोगी पडेल.

प्रथम गंजाचे कारण पाहू. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. आपल्याकडे समुद्राचे खारे पाणी नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. पुराच्या पाण्याबरोबर येणारा गाळ सांध्यांत आणि पाट्यांच्या फटीत बसतो व कित्येक दिवस ओल धरून ठेवतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग फुगून सुटतो आणि पाण्याला आत शिरायला नवी वाट मिळते.

म्हणून ट्रेलर पाण्यातून बाहेर काढला की त्याच दिवशी धुवावा, गाळ वाळू देऊ नये. नळीने पाण्याचा जोर देऊन खालून वर धुवावे. चौकोनी पाइपच्या आत साचलेला गाळ निघण्यासाठी सर्वांत खालच्या बाजूला भोक असावे आणि ते मोकळे ठेवावे. बाहेरून चकचकीत दिसणारी चेसी पुष्कळदा आतूनच पोखरलेली असते. जोराचा फवारा हबच्या सीलवर मात्र मारू नये.

पाण्याचे पांढरे डाग ही वेगळी बाब आहे. बोअरच्या जड पाण्यातील क्षार वाळल्यावर मागे राहतात. रंगवलेल्या भागावर समभाग पाण्यात मिसळलेला व्हिनेगर फडक्याने लावून लगेच स्वच्छ पाण्याने धुतले की डाग निघतात. फरशी धुण्याचे ॲसिड कधीही वापरू नये. जस्ताचा मुलामा असेल तर फक्त साबणाचे पाणी वापरावे, कारण आम्लाने जस्तच विरघळते.

गंज धरलेली जागा तारेच्या ब्रशने व पॉलिशपेपरने उघडे लोखंड दिसेपर्यंत घासावी, कोरडी करावी आणि त्याच दिवशी प्रायमर द्यावा. नुसता रेड ऑक्साइड मारून काम संपत नाही. प्रायमर पाणी पूर्ण अडवत नाही; त्यावर ऑइलपेंटचे दोन हात हवेतच. गंजावरच रंग फासणे म्हणजे रोग झाकून ठेवणे होय.

नवा ट्रेलर बनवायचा असेल तर तयार सांगाडा सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून घेणे सर्वांत टिकाऊ ठरते. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. मात्र बंद पाइपला आधी भोके पाडणे अत्यावश्यक आहे. आत हवा किंवा पाणी कोंडले तर बुडवताना स्फोट होऊ शकतो. जस्त चढवल्यानंतर वेल्डिंग करावे लागले तर तेवढ्या जागेचे जस्त आधी घासून काढावे आणि काम मोकळ्या हवेत करावे, कारण त्याच्या धुराने कारागिराला ताप भरतो. नंतर त्या जागी जस्तयुक्त रंग लावावा.

सर्वांत जास्त घात बेअरिंगमध्ये होतो. रस्त्यावर धावून हब तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि पाणी खेचले जाते. वेळ असेल तेव्हा हब हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. पुराच्या घाईत ते शक्य नसते. अशा वेळी काम संपल्यावर हब उघडून तपासणे आलेच. ग्रीस दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले असे समजावे, बेअरिंग धुऊन पाण्यात टिकणारे ग्रीस भरावे आणि सील बदलावे. उभा ठेवताना ट्रेलर ठोकळ्यांवर उचलून ठेवावा, पुढची बाजू थोडी उंच असावी आणि महिन्यातून एकदा चाके हाताने फिरवावीत.

आपल्या भागात ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या बनवणारे व दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळ आहेत. चेसी, पाटे, हब हे सारे त्यांच्या रोजच्या हातचे काम. गाळप हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, त्यांनी जवळच्या ग्रामपंचायतींकडे व बोटमालकांकडे जाऊन वार्षिक देखभालीचे काम ठरवून घ्यावे. तपासणीची तारीख, बदललेले भाग आणि ग्रीस भरल्याची नोंद वहीत ठेवावी. शेवटी बोट लादून ट्रेलर एकदा नदीच्या उतारापर्यंत ओढून न्यावा. पावसाळ्याआधी एवढी चाचणी झाली, म्हणजे त्या कामाचे पैसे मागण्यास कारागिराला संकोच वाटणार नाही.